तळटीप : रामबाडा

१. रामबाडा : गौरीकुंड ते केदारनाथ या सुमारे १४ किलोमीटरांच्या जुन्या पायवाटेवरचा, निम्म्या चढावरचा विसावा. चहाची दुकाने, धर्मशाळा, खेचरवाले, म्हाताऱ्या यात्रेकरूंना पाठीवरच्या टोपलीत वाहून नेणारे कंडीवाले, अशी ही गजबजलेली वस्ती होती. जून २०१३च्या महापुरात, चोराबाडी ताल फुटून मंदाकिनीला आलेल्या लोंढ्यात, ती समूळ वाहून गेली. यात्रेकरूंइतकीच या कष्टकऱ्यांचीही आठवण ठेवायला हवी; यात्रा त्यांच्याच पाठीवर चालते. पुरानंतरची वाट इथे नदी ओलांडून पलीकडच्या तीरावरून, लिंचोलीमार्गे चढते आणि अधिक लांब आहे. मूळ प्रवासवर्णन पुरापूर्वीचे असल्याने त्यातील अंतरे व मुक्काम यांवर विसंबून वाचकांनी आज यात्रा आखू नये. — संपादक