कॅपिटल जी: कॉन्स्टंट की व्हेरिएबल?

सोलापुरातून बोलतोय. आधी एक प्रयोग करू. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून पाच-सहा वेळा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. आमच्याकडच्या कोरड्या हवेत कपटे टुणकन उडी मारून चिकटतात. म्हणजे बघा, खालून अख्खी पृथ्वी ओढतेय आणि तरी दहा रुपयांचा कंगवा जिंकतोय!

गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का? हायड्रोजनच्या अणूतलं इलेक्ट्रॉन-प्रोटॉनमधलं विद्युत आकर्षण हे त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट आहे. किती? साधारण दोनावर ३९ शून्यं! १९३७ साली पॉल डिरॅक यांनी एक गोष्ट हेरली. विश्वाचं वय अणूच्या पातळीवरच्या कालमापात मोजलं, तर जवळपास तेवढाच अवाढव्य आकडा येतो. हा योगायोग नसेल, तर विश्वाचं वय वाढतं तसं गुरुत्वाकर्षण क्षीण होत असणार, असा त्यांचा तर्क.

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हे असं दिसतं: न्यूटनच्या नियमातला 'कॅपिटल जी' सगळ्यांनी कॉन्स्टंट म्हणून डिक्लेअर केला होता. डिरॅक म्हणाले, व्हेरिएबल असेल तर?

आता एन्ट्री आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची. १९६४ साली केंब्रिजमध्ये त्यांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वय पंचविशीतलं! कल्पना अशी, की वस्तूचं वस्तुमान ही तिची एकटीची मालमत्ता नाही. विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थांमुळे ते ठरतं. मग गुरुत्वाकर्षण किती बलवान, हेही विश्वच ठरवणार. पुढे सत्तरच्या दशकात याच वाटेने दोघांनी काळानुसार घटणारा 'जी' मांडला.

आता टेस्टिंग. १९६९ साली अपोलो ११ ने चंद्रावर परावर्तक ठेवला. त्यावर लेसर मारून चंद्राचं अंतर वर्षानुवर्षं मोजलं गेलं. डिरॅकच्या तर्काइतक्या वेगाने 'जी' घटत असता तर ते दिसलं असतं. दिसलं नाही.

मग सगळं फुकट गेलं का? मला नाही वाटत. 'बदलत असेल तर?' असं कुणी विचारलं, म्हणून तर 'बदलत नाही' हे मोजून सांगता आलं. त्याआधी ते आपण नुसतं धरून चाललो होतो.

प्रश्न अजून मिटलेला नाही. २००६ साली भौतिकशास्त्रज्ञांनी नवा तर्क मांडला: क्वांटम नियमांशी जुळणाऱ्या कुठल्याही विश्वात गुरुत्वाकर्षण हेच सगळ्यात दुबळं बल असावं लागतं. सर्वसाधारण सिद्धता अजून बाकी आहे.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. आज कंगवा हातात घ्याल, तेव्हा त्यांची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!