रखमाबाईंचा खटला: व्यक्ती समाजाला घडवते की समाज व्यक्तीला?

पेट-नेट झालेली मंडळी संशोधन आराखडा लिहायला बसली की हा प्रश्न हमखास येतो. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे सवय अशी की एक चल स्थिर धरायचं आणि दुसरं बदलून बघायचं. इतिहासात ते जमत नाही. का जमत नाही, हे समजायला रखमाबाईंचा खटला फार उपयोगी आहे.

घटनाक्रम थोडक्यात. अकराव्या वर्षी लग्न, पण त्या माहेरीच राहिल्या. 1884 मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी त्यांनी नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं: महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करते.

इथेच बहुतेक जण लिहून मोकळे होतात की 'एका धाडसी स्त्रीने समाजाशी झुंज दिली'. झुंज दिली हे खरंच. पण हे बळ आलं कुठून, तेही बघा. त्यांची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर पुन्हा लग्न करू शकली, कारण त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाची रीत होती. हेच कुटुंब मुंबईतल्या एखाद्या ब्राह्मण घरातलं असतं, तर हा रस्ता बंद होता. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे डॉक्टर, शिवाय वनस्पतीशास्त्राचे जाणकार. त्यांच्या घरात रखमाबाई शिकल्या. म्हणजे ज्या समाजाने अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं, त्याच समाजाच्या एका रीतीमुळे त्यांना नकार देण्याइतकी जागा मिळाली.

आता दुसरी बाजू. 'समाज' म्हणजे नक्की कोण? नांदायला लावण्याचा हा दावा मुळात धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडच्या चर्च-कायद्यातून इथे आला. पिन्हे यांनी नेमकं हेच दाखवून दिलं. गंमत म्हणजे असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद इंग्लंडने 1884 मध्येच रद्द केली होती. इथे मात्र ती चालूच होती. तरी टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला तो हिंदू धर्माच्या नावाने. परकी चीज तीन पिढ्यांत 'आपली परंपरा' कशी होते, यावर खरं तर स्वतंत्र प्रबंध होईल. कोणी घ्या हा विषय!

रखमाबाईंनी 1885 मध्ये 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली, आणि घरातलं भांडण मुंबई-लंडनच्या चर्चेचा विषय झालं. 1888 मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली. मग लंडनला वैद्यकीय शिक्षण आणि परतल्यावर सुरतेत डॉक्टरकी.

संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये आला, वय 10 वरून 12 झालं. 'रखमाबाईंमुळे कायदा झाला' असं मात्र प्रबंधात लिहू नका, व्हायवाला अडकाल. मलबारींची मोहीम होती, बंगालमध्ये फुलमणी या लहान मुलीचा पतीच्या बळजबरीने झालेला मृत्यू होता. रखमाबाईंमुळे चर्चेला तोंड फुटलं, एवढं कागदपत्रांतून दाखवता येतं.

त्या वारल्या 1955 मध्ये. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात, कलम 9 मध्ये, नांदायला बोलावण्याचा हा दावा पुन्हा आला. तो आजही तिथे आहे.