नेट मिळवायला आधी नेट: डहाणू-तलासरीच्या वाटेवरचं डोंगल आणि लिनक्स

आज आपण बोटाएवढ्या वस्तूचा इतिहास बघू. मोबाईल इंटरनेटचं डोंगल. ते लिनक्सच्या लॅपटॉपला लावून डहाणूहून तलासरीकडे निघायचं, तर वाटेत काय काय आडवं येत होतं?

थोडं मागे जाऊ. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. मोडेम टेलिफोनच्या तारेवर चालायचा. त्याच्याशी बोलायची भाषा हेज या अमेरिकी कंपनीनं १९८१ मध्ये रूढ केलेली: प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘एटी’, म्हणजे ‘लक्ष दे’. लिनक्सवालेही ही भाषा जाणत होते.

मग २०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला आणि डोंगलं घरोघरी दिसू लागली. गंमत अशी, की त्यांच्या पोटात तीच जुनी ‘एटी’ भाषा होती. फिरवायचा नंबर *९९#, सीडीएमए असेल तर #७७७. म्हणजे लिनक्सवर ते सहज चालायला हवं होतं. पण बरीच डोंगलं लॅपटॉपला लावताच स्वतःला मोडेम म्हणून सांगतच नसत. सांगत, ‘मी सीडी आहे’! त्या खोट्या सीडीत विंडोजचं सॉफ्टवेअर असे. लिनक्सवर सीडीचं चित्र दिसायचं आणि गाडी तिथेच अडायची.

यावर योसुआ डीट्झे यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. डोंगलला ठरावीक संदेश पाठवला, की सीडीचं सोंग उतरतं आणि मोडेम उभा राहतो. कुठल्या डोंगलला कुठला संदेश, याची यादी वापरणाऱ्यांनीच आपापली डोंगलं तपासून वाढवत नेली. पण हा प्रोग्राम उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी हा प्रोग्राम! म्हणून जाणते लोक निघण्यापूर्वीच तो पेनड्राइव्हवर घेत. पुढे तो लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत आधीपासूनच येऊ लागला.

दुसरी अडचण भूगोलाची. डहाणू रोड पश्चिम रेल्वेवर. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पुढे लगेच गुजरात. दूरसंचाराच्या नकाशात मुंबईचं सर्कल वेगळं, इथलं महाराष्ट्राचं, पलीकडचं गुजरातचं. सीमेजवळ पलीकडचा टॉवर पकडला गेला, तर पट्ट्या भरलेल्या दिसतात; पण ‘नेटवर्क मॅनेजर’मध्ये रोमिंगला परवानगी नसेल तर जोडणी होत नाही. परवानगी दिली, तर तेव्हा खिशाला भार पडायचा. नेमकं काय झालंय हे पुन्हा जुन्या भाषेतच विचारायचं: ‘एटी+सीओपीएस?’ म्हटलं की कुणाचं नेटवर्क ते कळतं, ‘एटी+सीएसक्यू’ म्हटलं की सिग्नल, ० ते ३१. आणि ९९ आलं तर खूश व्हायचं नाही बरं! त्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’.

आज फोनचा हॉटस्पॉट सुरू केला की काम भागतं. लॅपटॉपला ते साधं वायफाय दिसतं, सोंग उतरवावं लागत नाही. तरी प्रश्न उरतोच: पैसे मोजून घेतलेली वस्तू कुठल्या यंत्रणेवर चालेल, हे ठरवायचं कुणी? डोंगलच्या काळात याचं उत्तर बनवणाऱ्यांनी नाही, वापरणाऱ्यांनी दिलं. एकेका डोंगलचा क्रमांक नोंदवून, दुसऱ्यासाठी. आपण जपायला हवी ती ही नोंदवून ठेवायची सवय.