शेत आणि तालीम

मराठवाड्याच्या जिरायती मुलखात मल्लविद्या हा सवडीचा शौक कधीच नव्हता. पहाटे हौद्यात घाम गाळून उजाडताच औताला भिडणारा, आणि नांदेडकडच्या माळेगावची मार्गशीर्षातील खंडोबा-यात्रा, तिथला कुस्त्यांचा फड दृष्टीपुढे ठेवून खरिपाच्या राशी उरकणारा कुणबी हाच तिचा खरा आश्रयदाता होय. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी मात्र शिवार सोडून कोल्हापूरची गंगावेश तालीम गाठली. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत काकासाहेब पवारांसारखे शिष्य त्यांनी घडविले, आणि हे कार्य मला त्या पदकाहूनही थोर वाटते.