आरे, २०१९ : दोन आदेशांमधले तीन दिवस

मुंबई मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरे कॉलनीतली २,१८५ झाडे तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी मंजुरी दिली. त्याआधी नागरिकांनी हजारो हरकती नोंदवल्या होत्या. दर रविवारी आरेत माणसे जमत होती, पाड्यांवरचे वारली आणि उपनगरांतली कॉलेजची मुले एकाच साखळीत उभी राहत होती. तोडीविरोधातल्या याचिका हायकोर्टात होत्या, सगळ्यांचे डोळे तिकडे होते.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर, दिवसा (सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीला तीन दिवस)
मुंबई उच्च न्यायालयाने चारही याचिका फेटाळल्या. आरेला वन घोषित करण्याची मागणी टिकली नाही, वृक्ष प्राधिकरणाच्या मंजुरीवरचा आक्षेपही टिकला नाही. पुढचा दरवाजा सुप्रीम कोर्टाचा, पण तिथे दसऱ्याची सुट्टी.

शुक्रवार रात्र (सुमारे ६० तास)
काळोखात कटरची घरघर सुरू झाली. मोबाइलवर निरोप फिरले आणि तासाभरात शेकडो लोक कारशेडच्या जागेपाशी पोहोचले. काही जण थेट आत घुसले. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात ताजे बुंधे आणि आडवी पडलेली खोडे दिसत होती. परवानगी जाहीर झाल्यापासून १५ दिवस थांबायला हवे, असे आंदोलकांचे म्हणणे. मेट्रो कॉर्पोरेशनचा हिशेब वेगळा : वृक्ष प्राधिकरणाचा आदेश १३ सप्टेंबरचा, मुदत २८ लाच संपली. वाद चालू होता, तोडही चालू होती.

शनिवार, ५ ऑक्टोबर (४८ तास)
आरेत कलम १४४ लागू झाले. रस्त्यांवर बॅरिकेड लागले. २९ जणांना अटक झाली, सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम लागले आणि त्यांची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली. त्यांत विद्यार्थीही होते. तोड थांबवण्यासाठी याचिकाकर्ते पुन्हा हायकोर्टात गेले, पण स्थगिती मिळाली नाही. बंदोबस्ताच्या आत कटर दिवसाढवळ्या चालत राहिले.

रविवार, ६ ऑक्टोबर (२४ तास)
सुट्टीच्या न्यायालयाने अटकेतल्यांना जामीन दिला. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहून तोड थांबवण्याची विनंती केली होती. ते पत्र सुप्रीम कोर्टाने जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि सुट्टीतच विशेष खंडपीठ बसवायचे ठरले.

सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळी १०
न्या. अरुण मिश्रा आणि न्या. अशोक भूषण यांच्यासमोर सुनावणी झाली. जेवढी झाडे तोडायची गरज होती तेवढी तोडून झाली, आता आणखी तोडणार नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला आणि कोणी अजून अटकेत असेल तर सोडा, असे बजावले. मेट्रो कॉर्पोरेशनने त्याच दिवशी आकडा दिला : २,१४१ झाडे तोडली. म्हणजे मंजुरीतली उरली ४४.

त्यानंतर
नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरवले आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड आरेत परतली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो-३ च्या आरे ते बीकेसी या टप्प्याचे उद्घाटन झाले.

मेट्रो हवी की जंगल, यावर मतभेद राहतील, राहावेत. पण कारशेड कांजूरला नेता येते, पुन्हा आरेत आणता येते. सरकारचा निर्णय फिरतो, कोर्टाचा आदेश फिरतो, तोडलेले झाड मात्र फिरत नाही. म्हणून तोडीची परवानगी देणाऱ्या प्रत्येक आदेशातच वरच्या कोर्टात जाण्याइतकी मुदत लिहिलेली असली पाहिजे, आणि ती संपेपर्यंत कटर बंद राहिला पाहिजे. ही मागणी आपल्या महापालिकेकडे आजच करा, शुक्रवारच्या रात्री ती करून उपयोग नसतो.