रबराचा व्यापार आणि संचालकांचे उत्तरदायित्व

दूरदेशी कंपनीच्या नोकरांनी केलेल्या अत्याचारांस तिचे मायदेशी बसलेले संचालक कितपत जबाबदार धरावयाचे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच पुढे आला असा समज आढळतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभीच ब्रिटनमध्ये तो रबराच्या निमित्ताने उपस्थित झाला होता.

काँगो मुक्त राज्याशी चालणारी मालवाहतूक लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर कंपनीकडे होती. तिचा कारकून एडमंड डीन मोरेल याला कामानिमित्त अँटवर्पला जावे लागे. येणाऱ्या जहाजांत रबर व हस्तिदंत भरलेले असे; जाणाऱ्या जहाजांत प्रामुख्याने बंदुका, काडतुसे आणि लष्करी अधिकारी. मोबदल्यात जावा असा माल जवळजवळ नव्हताच. ज्या व्यापारात एका बाजूने काहीच दिले जात नाही तो व्यापार नव्हे. तेथे सक्तीची मजुरीच असली पाहिजे, हे अनुमान त्याने हिशेबाच्या कागदांवरून काढले. मोरेल काँगोत कधीच गेला नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. 1901 मध्ये त्याने नोकरी सोडली. मे 1903 मध्ये कॉमन्स सभेने या प्रश्नावर ठराव केला. वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल फेब्रुवारी 1904 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील महिन्यात काँगो सुधारणा संघ स्थापन झाला. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी स्त्रीने टिपलेली हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रे गावोगावच्या सभांतून पडद्यावर दाखविली गेली. 1908 मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या हवाली करावा लागला.

परंतु या चळवळीचा रोख राजावर होता, भागधारकांवर नव्हता. शिवाय जॉन होल्टसारखे लिव्हरपूलचे व्यापारी तिच्या पाठीशी होते, आणि मक्तेदारी मोडण्यात त्यांचे स्वतःचे हित होते. मोरेलच्या प्रामाणिकपणास यामुळे बाध येत नाही. मात्र त्याची दृष्टी खुल्या व्यापारापलीकडे का गेली नाही, हे यावरून काहीसे उमगते.

संचालकांचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो पुतुमायोच्या खोऱ्यात. हुलिओ सेसार अराना याची रबर कंपनी 1907 मध्ये लंडनमध्ये नोंदली गेली व संचालक मंडळात इंग्रज गृहस्थ घेण्यात आले. 1909 मध्ये ‘ट्रूथ’ या साप्ताहिकाने तेथील आदिवासींच्या छळाची हकीकत छापली. कंपनीने बार्बेडोसहून मुकादम नेले होते. ते ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळेच सरकारला हस्तक्षेपास कायदेशीर वाट मिळाली व 1910 मध्ये केसमेंटला तेथे धाडण्यात आले. त्याचा अहवाल 1912 मध्ये बाहेर आला. पुढे कॉमन्सच्या निवड समितीने संचालकांची जबानी घेतली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या कायद्यांखाली त्यांना दोषी धरता येत नाही, तथापि चौकशी न करण्याचा त्यांचा निष्काळजीपणा निंद्य आहे, असा तिचा 1913 मधील निष्कर्ष होता. कायद्यातील ही पोकळी समितीने उघड केली, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

शिक्षा कोणा संचालकास झाली नाही. अराना पुढे पेरूच्या सिनेटमध्ये बसला. पुतुमायोचा जुलूम अहवालांनी थांबविला की बाजारभावाने, हेही वादग्रस्तच आहे; कारण त्याच सुमारास आशियातील मळ्यांच्या रबराने जंगली रबरास मागे टाकले होते, आणि मलायातील त्या मळ्यांवर राबत होते ते बव्हंशी तमिळ मजूर.