वेड आणि न्यायासन

वेडाच्या भरांत ज्यास आपलें कृत्य कळत नाहीं तो दोषी नव्हे, हें १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यानंतर इंग्लंडांत रूढ झालेलें तत्त्व आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत आलें. २०२३ च्या न्यायसंहितेनेंही तें राखलें. मात्र वेड सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच राहिला. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका पोलीस शिपायास पत्नीच्या खुनाच्या आरोपांतून मुक्त केलें. पूर्वीच्या उपचारांची नोंद त्याच्या उपयोगी पडली. वऱ्हाडांतील संग्रामपूरच्या शेतमजुरानें असे कागद कोठून आणावे? अमेरिकेंत, फ्लॉरिडांतील ब्रॉवर्ड परगण्यांत, १९९७ सालीं निघालेलें स्वतंत्र न्यायालय किरकोळ गुन्ह्यांतील मनोरुग्णांस तुरुंगाऐवजीं उपचारांकडे वळवितें. तसें न्यायालय येथें होईल तेव्हां होवो. तालुक्याच्या दवाखान्यांत मानसोपचार व त्याची नोंद आधीं हवी, असें आम्हांस वाटतें.